निर्मित भाषेतील सूर आणि व्याकरण : 'लाआदान' या कल्पित भाषेचा परिचय

प्रस्तावना :

भाषा ही समाजात पिढ्यान्‌पिढ्या घडत जाते, एखाद्या व्यक्तीने ती बसून रचावयाची नसते, अशी आपली सर्वसाधारण धारणा आहे. ही धारणा बहुतांशी बरोबर असली तरी तिला अपवाद आहेत. १८८७ मध्ये झामेनहॉफ यांनी जागतिक व्यवहारासाठी 'एस्पेरांतो' ही भाषा सिद्ध केली. टोल्कीन यांनी आपल्या अद्भुत कथाविश्वातील जमातींसाठी 'क्वेन्या' व 'सिंदारिन' या भाषा रचल्या. मार्क ओक्रँड यांची 'क्लिंगॉन' आणि पॉल फ्रॉमर यांनी 'अवतार' (२००९) या चित्रपटासाठी रचलेली 'नावी' या भाषाही सर्वपरिचित आहेत. भारतात 'बाहुबली' (२०१५) या चित्रपटातील कालकेय जमातीसाठी मदन कार्की यांनी 'किलिकी' भाषा तयार केली. अशा भाषांना प्रस्तुत लेखात 'निर्मित भाषा' असे म्हटले आहे.

आपल्या विदर्भातही निर्मितीची एक जुनी परंपरा आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ जतन करण्यासाठी सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या. मात्र तेथे नवी होती ती लिपी, भाषा मराठीच राहिली. ध्वनी, शब्द आणि व्याकरण या तिन्ही अंगांनी नवी भाषा रचणे ही वेगळी गोष्ट होय. त्यातही ती भाषा सूरभेदी असेल तर अभ्यासकाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वाढते, कारण वर उल्लेखिलेल्या प्रसिद्ध निर्मित भाषांपैकी एकीतही शब्दाचा अर्थ सुरावर अवलंबून नाही. अमेरिकन भाषावैज्ञानिक व कादंबरीकार सुझेट हेडन एल्गिन (१९३६–२०१५) यांनी रचलेली 'लाआदान' ही भाषा याला महत्त्वाचा अपवाद आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) सूर ही संकल्पना मराठी वाचकास परिचित उदाहरणांतून स्पष्ट करणे.
२) 'लाआदान' भाषेची ध्वनिव्यवस्था व व्याकरण यांचा परिचय करून देणे.
३) या भाषेच्या अनुभवातून यवतमाळसारख्या बहुभाषिक जिल्ह्यातील अध्यापकांना काय घेता येईल, याचा विचार करणे.

सूर म्हणजे काय?

मराठीत आपण 'तू आलास.' आणि 'तू आलास?' या दोन वाक्यांत आवाजाचा चढउतार वेगळा ठेवतो. त्यामुळे वाक्याचा हेतू बदलतो, परंतु 'आलास' या शब्दाचा अर्थ बदलत नाही. वाक्यभर पसरलेल्या अशा चढउताराला सुरावट म्हणतात. याउलट, आवाजाच्या उंचीमुळे शब्दाचाच अर्थ बदलत असेल तर तिथे सूर हा स्वनिमाइतकाच भेदक ठरतो. अशा भाषेला सूरभेदी भाषा म्हणावे. चिनी (मँडरिन) भाषेत 'मा' हे एकच अक्षर चार सुरांत उच्चारले असता आई, ताग, घोडा आणि रागावणे असे चार अर्थ मिळतात.

हा प्रकार केवळ दूरदेशीचा आहे असे नाही. पंजाबीत 'कोड़ा' हा शब्द सम सुरात चाबूक, नीच सुरात घोडा आणि उच्च सुरात कुष्ठरोगी असा अर्थ देतो. मूळच्या 'घ'मधील घोष-महाप्राणत्व लोपले आणि त्याची खूण म्हणून नीच सूर मागे राहिला. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात बोलल्या जाणाऱ्या कोरकू भाषेतही नीच सूर आढळतो. मुंडा भाषांचे अभ्यासक नॉर्मन झाइड यांनी १९६६ मध्ये त्यावर स्वतंत्र लेख लिहिला आहे.

संस्कृतच्या अभ्यासकांना तर वैदिक स्वराघाताची कल्पना असतेच. उदात्त, अनुदात्त व स्वरित यांच्या व्याख्या पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात दिल्या आहेत. वृत्राच्या कथेतील 'इन्द्रशत्रु' हा शब्द त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. उदात्त अंत्य अक्षरावर असता तत्पुरुष समास होऊन 'इंद्राचा शत्रू' असा अर्थ होतो. तोच आद्य अक्षरावर असता बहुव्रीहि होऊन 'इंद्र ज्याचा शत्रू आहे तो' असा अर्थ होतो. येथे शत्रू म्हणजे वध करणारा. एका अक्षरावरील सुरामुळे मारणारा आणि मरणारा यांची अदलाबदल झाली. सूर चुकणे म्हणजे अर्थ चुकणे, हे आपल्या परंपरेला असे पूर्वीपासून ठाऊक आहे.

'लाआदान'ची निर्मिती :

एल्गिन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतून १९७३ मध्ये भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळविली. त्यांचा प्रबंध नावाहो या अमेरिकेतील आदिवासी भाषेच्या वाक्यरचनेवर होता. नावाहो ही सूरभेदी भाषा आहे, ही बाब पुढील विवेचनात उपयोगी पडेल. १९८२ मध्ये त्यांनी 'लाआदान'ची रचना सुरू केली. १९८४ मध्ये या भाषेची कथा सांगणारी 'नेटिव्ह टंग' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९८५ मध्ये भाषेचा पहिला कोश व व्याकरण प्रकाशित झाले. कादंबरीचे पुढील दोन भाग १९८७ व १९९४ मध्ये आले.

कादंबरीतील जगात स्त्रियांचे नागरी हक्क काढून घेण्यात आलेले आहेत. परग्रहवासीयांशी होणारा व्यापार काही भाषातज्ज्ञ कुटुंबांच्या हाती आहे व त्या कुटुंबांतील स्त्रिया दुभाषाचे काम करतात. त्यांपैकी मूल होण्याचे वय उलटलेल्या वा मूल न झालेल्या स्त्रियांना वेगळ्या घरात ठेवले जाते. तेथे त्या गुप्तपणे स्वतःची भाषा घडवितात. पुरुषांना संशय येऊ नये म्हणून एका बोजड, निरुपयोगी भाषेवर काम चालल्याचा देखावाही त्या करतात. कादंबरीतील या कल्पनेमागे एल्गिन यांचा एक गंभीर प्रश्न होता : प्रचलित भाषांमध्ये स्त्रियांचे अनुभव नेमकेपणाने मांडण्याची सोय अपुरी आहे काय आणि तशी सोय असलेली भाषा उपलब्ध करून दिली तर काय घडेल?

ध्वनिव्यवस्था :

'लाआदान'मध्ये आ, ए, इ, ओ, उ हे पाच स्वर आणि तेरा व्यंजने आहेत : ब, द, थ, श, झ, म, न, ल, ल्ह, र, य, व, ह. यांतील 'थ' हा आपला महाप्राण 'थ' नसून दातांमधून हवा घासत जाणारा ध्वनी आहे. 'झ' हा 'श'चा घोष जोडीदार आहे. क, ग, ट, त, प ही अनेक भाषांत आढळणारी व्यंजने या भाषेत नाहीत. त्यामुळे तिचा नाद मृदू वाटतो.

'ल्ह' या ध्वनीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. हा 'कोल्हा'तील 'ल्ह' नव्हे. जिभेचे टोक 'ल'च्या जागी ठेवून, ओठांचे कोपरे मागे ओढून 'श' म्हणण्याचा प्रयत्न केला की तो उमटतो. नावाहोतही याच्या जवळचा ध्वनी आहे. एल्गिन यांनी त्याला व्याकरणिक कामही दिले. एखाद्या शब्दाला 'ल्ह' जोडला असता त्यास अप्रिय वा निषेधाची छटा प्राप्त होते. अर्थात या भाषेत नापसंती दाखविताना तोंडाची ठेवणही बदलते.

संधीचे नियम दोनच व सोपे आहेत. दोन व्यंजने एकत्र आल्यास मध्ये 'ए' येतो, तर दोन भिन्न रूपिमांचे स्वर एकत्र आल्यास मध्ये 'ह' येतो. परिणामी जोडाक्षरे उरत नाहीत.

आता सुराकडे वळू. या भाषेत एकच सूर विशेष मानला जातो, तो म्हणजे उच्च सूर. बाकीची अक्षरे सामान्य सुरात उच्चारली जातात. प्रस्तुत लेखात उच्च सूर दाखविण्यासाठी अक्षरावर उभी रेघ दिली आहे. ऋग्वेदाच्या छापील प्रतींत ही रेघ स्वरितासाठी वापरतात, तर मैत्रायणी संहितेच्या परंपरेत उदात्तासाठी. येथे तिचा अर्थ उदात्ताजवळचा समजावा. एल्गिन यांच्याच नमुन्याप्रमाणे एका अक्षरसमूहाचे चार उच्चार पुढीलप्रमाणे होतात :

लोमा – दोन्ही अक्षरे सामान्य सुरात.
लोमा॑ – अंत्य अक्षर उच्च.
लोमा॑आ – अंत्य स्वर दुहेरी, त्याचा पहिला भाग उच्च. आवाज वरून खाली येतो.
लोमाआ॑ – अंत्य स्वर दुहेरी, त्याचा दुसरा भाग उच्च. आवाज खालून वर जातो.

चढता व उतरता असे वेगळे सूर न मानता एकाच उच्च सुराचे स्थान बदलून हे दोन्ही परिणाम साधले आहेत. नावाहोतील दीर्घ स्वरांची व्यवस्थाही याच तत्त्वावर चालते. निर्मात्याची कल्पकता त्याने अभ्यासलेल्या खऱ्या भाषेतूनच पोसली जाते, याचा हा चांगला दाखला होय.

वाक्यरचना :

मराठीत कर्ता–कर्म–क्रियापद असा क्रम आहे, तर 'लाआदान'मध्ये क्रियापद–कर्ता–कर्म असा आहे. शिवाय वाक्याच्या आरंभी एक आणि शेवटी एक असे दोन लहान शब्द येतात. आरंभीचा शब्द वक्त्याचा हेतू सांगतो : बी॑ई (विधान), बा॑आ (प्रश्न), बो॑ (आज्ञा), बो॑ओ (विनंती), बे॑ (वचन), बे॑ए (इशारा). शेवटचा शब्द विधानाचा आधार सांगतो. उदाहरणार्थ :

बी॑ई हाल् विथ् वा. – स्त्री काम करते.
बी॑ई मेहाल् विथ् वा. – स्त्रिया काम करतात.
बी॑ई हाल् रा विथ् वा. – स्त्री काम करत नाही.
बी॑ई एरिल् हाल् विथ् वा. – स्त्रीने काम केले.

येथे 'हाल्' म्हणजे काम करणे. मराठीतील 'हाल' या शब्दाशी त्याचा संबंध नाही. 'विथ्' म्हणजे स्त्री वा व्यक्ती. अनेकवचन नामास न लागता 'मे' या उपसर्गाने क्रियापदास लागते. काळासाठी रिल् (वर्तमान), एरिल् (भूत), आरिल् (भविष्य) हे स्वतंत्र शब्द आहेत. कर्मास 'थ्' हा प्रत्यय लागतो.

बो॑ आणि बो॑ओ ही जोडी पाहावी. आज्ञा आणि विनंती यांत फरक आहे तो केवळ लांबविलेल्या, उतरत्या स्वराचा. मराठीतही 'बस' आणि 'बस ना' यांत आवाज खाली उतरवूनच आपण मार्दव आणतो. याखेरीज आरंभीच्या शब्दाला प्रत्यय लावून वक्त्याची मनःस्थितीही सांगता येते : 'द' रागाने, 'दा' थट्टेने, 'ली' प्रेमाने, 'या' भीतीने, 'दे' कथा सांगताना, 'दी' शिकविताना. म्हणजे वर्गातील अध्यापकाचे विधान 'बी॑ईदी'ने सुरू होईल. 'मी तर गंमत केली' अशी मागाहून पळवाट काढणे या भाषेत कठीण आहे.

प्रमाणदर्शक शब्द आणि सुराचे कार्य :

'लाआदान'चे खरे वैशिष्ट्य वाक्याच्या शेवटच्या शब्दात आहे. आपण जे सांगत आहोत ते आपणास कसे कळले, हे त्यातून स्पष्ट करावे लागते. मूळ व्याकरणात असे सात शब्द आहेत :

वा – वक्त्याने स्वतः अनुभवले.
वी – सर्वांना उघड दिसणारे.
वे – स्वप्नात पाहिलेले.
वो – कल्पिलेले.
वा॑आ – सांगणाऱ्यावर विश्वास आहे म्हणून खरे मानलेले.
वाआ॑ – सांगणाऱ्यावर विश्वास नाही म्हणून खोटे मानलेले.
वो॑ओ – वक्त्यास याविषयी काहीही माहिती नाही.

भारतीय तर्कपरंपरेच्या परिभाषेत 'वा' हे प्रत्यक्ष आणि 'वा॑आ' हे आप्तवाक्य म्हणता येईल. 'वाआ॑' हे त्याच्या उलट, अनाप्ताचे वाक्य होय. या शेवटच्या दोन शब्दांत ध्वनी एकच आहेत, लांबीही एकच आहे. उच्च सूर दुहेरी स्वराच्या पहिल्या भागावर आहे की दुसऱ्या, एवढाच भेद आहे. भाषावैज्ञानिक परिभाषेत हे सुराचे लघुतम युग्म होय आणि त्यावर विश्वास व अविश्वास यांचा निवाडा अवलंबून आहे. 'इन्द्रशत्रु'च्या कथेतील तत्त्व एल्गिन यांनी असे रोजच्या प्रत्येक विधानात आणून बसविले.

मराठी भाषकास हे सर्वथा अपरिचित वाटू नये. 'कापसाचा भाव वाढला', 'कापसाचा भाव वाढलेला दिसतो', 'कापसाचा भाव वाढला असावा' आणि 'कापसाचा भाव वाढला म्हणे' ही चार वाक्ये घ्यावीत. पहिल्यात वक्ता पूर्ण जबाबदारी घेतो, दुसऱ्यात खुणांवरून अनुमान करतो, तिसऱ्यात तर्क करतो आणि चौथ्यात ऐकीव माहिती पुढे करतो. जिल्ह्यातील कोणताही शेतकरी बाजार समितीत गाडी नेण्यापूर्वी या चारांतील फरक बरोबर ओळखतो. त्याच्या हंगामाचा हिशेब त्यावर अवलंबून असतो.

यातील 'म्हणे' हा शब्द अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. 'साहेब आजारी आहेत म्हणे' हे वाक्य सरळ सुरात उच्चारले तर ती केवळ बातमी होते. तेच 'म्हणे' जरा लांबवून, वर चढवून उच्चारले की 'आजारी कसले!' असा अविश्वास व्यक्त होतो. 'वा॑आ' आणि 'वाआ॑' यांच्यातील भेदाचेच हे मराठी रूप होय. फरक दोन बाबतींत आहे. मराठीत हा सूर ऐच्छिक आहे आणि तो लिहिता येत नाही. इतिवृत्तात अथवा तक्रारअर्जात उतरलेले 'म्हणे' कोणत्या सुराचे होते, हे वाचणाऱ्यास कळत नाही. बोलणाऱ्यालाही 'मी तसे म्हटलेच नाही' असे म्हणण्याची मुभा राहते. 'लाआदान'मध्ये सूर अनिवार्य आहे आणि तो लिपीत नोंदविला जातो. जे मराठीत नाकारता येते त्याची तेथे कबुली द्यावी लागते. ज्यांचे अनुभव 'तुझ्या बोलण्याचा सूर तसा होता' आणि 'नव्हता' या वादात वारंवार खोटे ठरविले जातात, त्यांच्यासाठी अशा व्याकरणाचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको.

लिंग, वचन आणि शब्दसंग्रह :

मराठीत शिक्षक–शिक्षिका, लेखक–लेखिका अशी स्त्रीवाचक रूपे पुरुषवाचक रूपास प्रत्यय लावून होतात. 'लाआदान'मध्ये क्रम उलटा आहे. 'विथ्' हे मूळ रूप आणि 'विथिद्' म्हणजे पुरुष. 'थुल्' म्हणजे आई वा पालक आणि 'थुलिद्' म्हणजे वडील. सर्वनामांतही बारकावे आहेत. ले (मी), लेझ् (आम्ही, पाचपर्यंत) आणि लेन् (आम्ही, पाचांहून अधिक) असे तीन भेद केले आहेत.

शब्दसंग्रहात प्रेम, राग इत्यादी भावनांच्या छटांसाठी स्वतंत्र शब्द आहेत. रागास कारण आहे काय, दोष देण्याजोगे कोणी आहे काय, त्या रागाचा काही उपयोग आहे काय, यानुसार शब्द बदलतो. 'रादी॑ईदिन्' या शब्दाचे उदाहरण तर कोणत्याही घरात लागू पडेल. जो दिवस सण वा सुट्टी म्हणून साजरा होतो, पण ज्याच्या तयारीचे, पाहुण्यांचे आणि कामाचे ओझे इतके असते की त्याची धास्तीच वाटावी, असा दिवस म्हणजे 'रादी॑ईदिन्'. दिवाळी किंवा घरचे लग्नकार्य पार पाडणाऱ्या स्त्रीस हा अनुभव चांगलाच ठाऊक असतो. त्यासाठी मराठीत एक शब्द नाही, ही गोष्ट विचार करावयास लावते.

तथापि व्याकरणावरून समाजाविषयी थेट निष्कर्ष काढण्यात धोका आहे. आपल्या जिल्ह्यात बोलली जाणारी कोलामी ही द्राविडी भाषा पाहावी. तिच्यात एकवचनी नामांचे दोन वर्ग पडतात : पुरुष आणि पुरुषेतर. स्त्री, प्राणी व वस्तू यांची गणना दुसऱ्या वर्गात होते. गोंडी आणि तेलुगू या भाषांतही एकवचनात हीच विभागणी आहे. केवळ एवढ्यावरून या तीन भिन्न समाजांत स्त्रीचे स्थान सारखेच आहे, असे कोणी म्हणणार नाही. भाषा विचारास वळण देते, परंतु समाजाची सारी घडी एकट्या व्याकरणात सापडत नाही.

प्रयोगाचे फलित :

एल्गिन यांनी आपल्या प्रयोगास दहा वर्षांची मुदत दिली होती. स्त्रिया एकतर 'लाआदान' स्वीकारतील किंवा तिच्यातील उणिवा पाहून तिच्याहून चांगली भाषा रचतील, अशी त्यांची अपेक्षा होती. दोन्हींपैकी काहीच घडले नाही आणि प्रयोग अयशस्वी झाल्याचे त्यांनी स्वतःच नोंदविले. त्याच सुमारास क्लिंगॉन या लढवय्या पुरुषी जमातीच्या भाषेचा कोश (१९८५) प्रसिद्ध झाला. त्या भाषेला मात्र उत्साही अभ्यासकवर्ग लाभला आणि १९९२ मध्ये तिच्यासाठी संस्थाही स्थापन झाली. हा विरोधाभास एल्गिन यांच्याही नजरेतून सुटला नव्हता.

या अपयशाचे कारण व्याकरणात शोधू नये. सूर, प्रमाणदर्शक शब्द, भावनांचे भेद या दृष्टींनी 'लाआदान' समृद्धच आहे. क्लिंगॉनच्या पाठीशी लोकप्रिय चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि प्रेक्षकांचे मेळावे होते. 'लाआदान'च्या पाठीशी एक कादंबरीत्रयी होती. ज्या भाषेत भाजी घेता येत नाही, भांडता येत नाही आणि मुलाला झोपविता येत नाही, ती भाषा कितीही सुरेख असली तरी पुस्तकातच राहते.

येथे आपल्या जिल्ह्याचा प्रश्न पुढे येतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात कोलामी भाषकांची संख्या सुमारे १ लाख २८ हजार होती. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे व तिची मोठी वस्ती यवतमाळ जिल्ह्यात आहे. मरे एमेनो यांनी वर्धा जिल्ह्यातील बोलीच्या आधारे १९५५ मध्येच कोलामीचे सविस्तर व्याकरण प्रसिद्ध केले. असे असूनही 'ही नुसती बोली आहे, तिला व्याकरण नाही' हा समज सुशिक्षितांतही आढळतो. एका व्यक्तीने रचलेल्या भाषेच्या सुरांचे आपण कौतुकाने विश्लेषण करतो, पण वर्गातील विद्यार्थी घरी जी भाषा बोलतो तिच्या व्याकरणाची साधी चौकशीही करीत नाही. 'लाआदान'ला व्याकरण मिळाले, भाषक मिळाले नाहीत. कोलामीला दोन्ही आहेत, उणीव आहे ती मान्यतेची.

निष्कर्ष :

१) सूर ही परकी वा गूढ बाब नसून वैदिक परंपरा, पंजाबी आणि शेजारची कोरकू यांतून ती आपणास परिचित आहे. 'लाआदान' तिचे सोपे, अध्यापनास सोयीचे उदाहरण पुरविते.

२) 'वा॑आ' आणि 'वाआ॑' या युग्मात सुरावर विधानाच्या विश्वासार्हतेची जबाबदारी टाकली आहे. मराठीतील 'म्हणे' हेच काम करते, परंतु ऐच्छिकपणे आणि लेखनाबाहेर राहून.

३) व्याकरणाची समृद्धी भाषेस जिवंत ठेवण्यास पुरेशी नाही. भाषा टिकते ती तिच्या व्यवहारामुळे आणि तिला मिळणाऱ्या प्रतिष्ठेमुळे.

४) भाषाविषयांच्या पदवी वर्गात विद्यार्थ्यांना सूर, प्रमाणदर्शक व लिंगव्यवस्था ठरवून छोटी निर्मित भाषा रचण्याचा उपक्रम देता येईल. त्यानंतर तेच प्रश्न कोलामी, गोंडी, बंजारा या त्यांच्या घरच्या भाषांविषयी विचारावेत : तुमच्या भाषेत ऐकीव गोष्ट कशी सांगतात? विनंती करताना आवाज कोठे उतरतो? 'आम्ही' किती प्रकारचे? या प्रश्नांची उत्तरे अध्यापकापाशी नसतील, ती विद्यार्थ्यांपाशी असतील. आपल्या बोलीला व्याकरण आहे, ही गोष्ट त्यांना कोणी सांगण्याची मग गरज उरणार नाही.